सुनंदाच्या पेरूच्या करंज्या

आज सोमवार. सुनंदाचं वर्षश्राद्ध झालं. सकाळी गुरुजी येऊन गेले, दुपारी पंगत उठली, संध्याकाळपर्यंत पाहुणे आपापल्या गावी गेले.

हार्ट पेशंट मी होतो. गेली ती.

मी सहसा इथे ग्रुपवर काही लिहीत नाही. कुणाचा वाढदिवस असला तर शुभेच्छा टाकतो, तेवढंच. आज लिहितोय.

माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी तळलेलं पूर्ण बंद केलं. आमच्या मुलीनं, अश्विनीनं, ऑनलाइन सेलमध्ये एअर फ्रायर घेऊन दिला.

सुनंदानं पहिले काही दिवस त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलं आणि नुसता ठेवून दिला. मग एक दिवस त्यात पेरूच्या करंज्या केल्या.

तिची धाकटी बहीण शालन बावड्याला असते. त्यांची पेरूची बाग आहे. डाग पडलेले, मार्केटला न जाणारे पेरू ती पिशवी भरून पाठवायची.

सुनंदा ते उकडून, बिया गाळून गुळात आटवायची. थोडी सुंठ. कणकेच्या पारीत ते सारण भरायचं, कडेला मुरड घालायची, वरून तुपाचं बोट फिरवायचं आणि एअर फ्रायरमध्ये ठेवायचं. मधे एकदा उलटायचं.

झालं. खर्च म्हणाल तर गुळाचा.

जळोचीत आमच्या सोसायटीतल्या बायका रेसिपी विचारायला यायच्या. मी सगळ्यांना सांगायचो, ही हिची फेव्हरेट डिश आहे.

ती हसायची.

शालन एकदा आली तेव्हा तिनं एक खाऊन बघितली. मला म्हणाली, "दाजी, ही करंजी न्हाय. करंजीचा फोटो हाय."

सगळे हसलो. सुनंदा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मी तिला म्हणायचो, तू तुझ्यापुरतं तळत जा की. ती म्हणायची, घरात वास सुटला की तुम्ही मागणार. ते खरंच होतं, म्हणून मी पुढे बोलायचो नाही. मला ते सोयीचंही होतं.

रोज सकाळी चहाच्या आधी ती माझं बीपी बघायची. मशीन डायनिंग टेबलावरच असायचं. त्याचा पट्टा तिच्या हाताला कधी बांधला गेला नाही. तिनं बांधला नाही, मीही नाही.

गेल्या वर्षी दोन दिवस ती पाठ भरून आलीय म्हणत होती. पित्त असेल, म्हणाली. मीही म्हणालो, पित्तच असेल, ओवा खा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी खाली बसली, ती उठलीच नाही.

आज पहाटेच शालन बावड्याहून आली. स्वयंपाकाला ती आणि अश्विनी.

अश्विनीनं विचारलं, "पप्पा, आईच्या पानात तिच्या आवडीचं काय ठेवायचं?"

मी लगेच म्हणालो, पेरूच्या करंज्या. एअर फ्रायरमधल्या.

शालन भाजी चिरत होती. तिनं विळी बाजूला सारली.

"दाजी, ताईला त्या आवडत न्हवत्या."

मी म्हणालो, दर आठवड्याला करायची की.

"तुमच्यासाठी करायची. करंजी आमच्या आईची, पण ती तळलेली. ताई बावड्याला आली की पयलं म्हणायची, कढई ठेव. उभ्यानं खायची, ताटलीसुदिक घ्यायची न्हाय. मला म्हणायची, ह्यांना सांगू नगं, वाईट वाटंल."

मला एकदम बरं वाटलं. निदान तिथं तरी खात होती.

मग शालननं माळ्यावरून कढई काढली, धुतली, तेल ओतलं. कितीतरी वर्षांनी घरात तळणीचा वास सुटला. अश्विनीनं माझ्याकडे बघितलं. मी बाहेर जाऊन बसतो म्हणालो.

मी उठलो, तेवढ्यात शालन कढईकडेच बघत बोलली.

"शेवटची आली तवा एस्टीतनं उतरून घरापातूर चालताना ताईला दम लागला. पायरीवर बसली. घाम आला. मी म्हणलं, दाजींना फोन लावते. तर माझा हात धरला. म्हणली, त्यांचं हार्ट हाय, त्यांना टेन्शन द्यायचं न्हाय, डॉक्टरनं सांगितलंय."

तिनं झाऱ्यानं करंजी उलटली.

"मी लावला न्हाय फोन."

अश्विनी रडायला लागली. शालनही. मी शालनला म्हणालो, तुझी काही चूक नाही. ती म्हणाली, तुमचीबी न्हाय.

दोघंही एकमेकांना तेच सांगत होतो. पटत कुणालाच नव्हतं.

"टेन्शन देऊ नका" हे डॉक्टर माझ्यासमोरच म्हणाले होते. मी मान डोलावली होती. घरी येऊन दोन-तीनदा सुनंदाला त्याची आठवणही करून दिली होती. लाइट बिलावरून, अश्विनीच्या बदलीवरून. तिनं ते माझ्यापेक्षा जास्त पाळलं.

पानात तळलेल्या करंज्या ठेवल्या. चार.

माझ्या ताटात अश्विनीनं माझ्यापुरती एअर फ्रायरमध्ये केलेली वाढली. मी तळलेलीकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "पप्पा, नको. आईनं एवढं जपलंय तुम्हाला."

मी माझी होती ती खाल्ली. कोरडी लागते. खरंच कोरडी लागते. इतकी वर्षं मला कळलं नव्हतं.

सुनंदा, मला जपलंस. तुझ्याकडे बघायला मी होतो, आणि मी बघितलं नाही. तुला नमस्कार.

शालन आणि बाकीचे पाहुणे गेल्यावर अश्विनी झोपली. ओट्यावर कढई तशीच होती. तेल गाळून बाटलीत भरलं. कढई घासायला घेतली. एकदा साबण लावून तेलकटपणा जाईना, म्हणून परत गरम पाणी केलं आणि पुन्हा घासली.