मिरजगावच्या विहिरीतला ट्रायलोबाइट

नगर जिल्ह्यातल्या काळ्या दगडात मी अख्खा उन्हाळा ट्रायलोबाइट शोधला. यातला मूर्खपणा ज्यांना कळला नाही त्यांच्यासाठी सांगतो : ट्रायलोबाइट हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रातला जीव, दगड होऊन उरलेला, आणि आपल्याकडचा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. भट्टीत मासळी शोधावी, तसा प्रकार. गेल्या महिन्यात भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा रडू यायच्या आधी तो उन्हाळाच आठवला... आणि त्याचं हसणं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं नगरच्या एका कॉलेजात शिकवत होतो. मी मराठी, तो भूगर्भशास्त्र. तो फळ्यावर खडूनं ट्रायलोबाइट काढायचा आणि मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, झुरळ!" हे त्याला फार लागायचं. "पोरांनी एकदा तरी हातात धरला पाहिजे रे. चित्रावर का म्हणून विश्वास ठेवतील?" मग मैत्रीखातर मी शोधायला निघालो, तेही त्याला न विचारता. जिकडंतिकडं विहिरी खोदणं चाललं होतं. मिरजगावजवळ एका विहिरीच्या ढिगाऱ्यात बरगड्या असलेला गुलाबी तुकडा दिसला. मालक म्हणाले, "न्या की मास्तर. आमाला पानी पायजे हुतं, निगाल्या ह्या काचा."

मी छाती काढून सांगितलं, "काच नाही, प्राणी आहे हा."

ते दोन पावलं मागं सरले. "चावतो व्हय?"

तुकडा बघून भास्कर आधी पोट धरून हसला, मग तो उजेडाकडं धरून उलटसुलट निरखू लागला. "गाढवा, हा स्फटिक आहे. पण असा मी जन्मात पाहिला नाही." स्फटिकांसाठी तो खाणी पालथ्या घालायचा, हा त्याच्या संग्रहात सगळ्यांत वर बसला असता. आठवडाभर त्यानं तो उशाशी ठेवला, आणि मग जुन्या बनियनमध्ये गुंडाळून जर्मनीतल्या एका संग्राहकाला पोस्टानं पाठवून दिला. बदल्यात मागितला एक ट्रायलोबाइट. कित्येक महिने उत्तर नाही. "गेला तुझा दगड," मी म्हणायचो. "गेला तर गेला," तो म्हणायचा, पण पोस्टमन दिसला की शिकवता शिकवता अडखळायचा...

शेवटी आला! प्राचार्यांनी काचेचं कपाट देऊ केलं, भास्करनं साफ नकार दिला. त्याच दिवशी ट्रायलोबाइट बाकाबाकांवरून फिरला. 'झुरळ'वाला पोरगा तो तळहातावर घेऊन बसला तो बसलाच, पुढं देईना. भास्कर फळ्याला पाठ टेकून नुसता बघत होता. आपल्या मित्राचा एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला असेल, आठवत नाही.

परवा वहिनींना भेटायला गेलो. हात धुताना मोरीशेजारच्या कोनाड्यात तो दिसला. बरगड्या पार झिजलेल्या... किती पोरांची बोटं फिरली असतील! मी तो कपाळाला लावला. डोळे भरून आले. "वहिनी, हा जिवापाड जपा."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. "भाऊजी, ट्रायलोबाइट कॉलेजात आहे, पोरांच्या हातात. ही टाचा घासायची वज्री आहे. ठेवा खाली."