आईच्या गाडीचं औषध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आत्ता सांगायला बसलोय आणि तेवढ्यात दोनदा उठून पाणी पिऊन आलो. आई आतल्या खोलीत टीव्ही बघतेय, आवाज मोठा आहे, तिला ऐकू जाणार नाही — तरी दार लोटून घेतलंय.

आई गाडी चालवायची. बाबा गेल्यावर शिकली, पन्नाशीत. मावशीचे गुडघे गेलेले, तिला जिना उतरवत नसे, म्हणून दर गुरुवारी आईच घाटकोपरहून जोगेश्वरीला तिच्याकडे जायची. एकटी. स्टिअरिंगवर बसली की तिचा चेहरा — कसं सांगू? — तेव्हा ती कुणाची आई नसायची.

पण गाडी जुनी. सिग्नलला थरथरायची, चढावर धापा टाकायची. आमचा मेकॅनिक म्हणाला, आत कार्बन साचतोय, पेट्रोल भरताना टाकीत तो साफ करणारं ॲडिटिव्ह ओतत जा. फरक नाही पडला तर इंजिन खोलून साफ करू. आई त्या ॲडिटिव्हला औषध म्हणायची. पेट्रोल भरायला मी जायचो, म्हणून बाटली माझ्या हातात द्यायची.

"टाकलंस ना रे?"

"टाकलं."

नाही टाकलं. एकदाही नाही. बाटल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून राहायच्या. का? सोसायटीत आम्हाला पार्किंग एकच, आणि मला नवी गाडी हवी होती. तिची गाडी आपोआप बंद पडावी, मला तोंड उघडावं लागू नये — एवढंच. एवढंच म्हणतोय मी, बघा!

आणि तरी — बाटलीचं मी एक वेळ सांगितलंही असतं कुणाला. खरी गोष्ट पुढेच आहे.

एका गुरुवारी गाडी फ्लायओव्हरच्या चढावर बंद पडली, मागे सरकली आणि रिक्षाला टेकली. कुणाला काही झालं नाही. रिक्षावाला फक्त ओरडला, "आजी, घर पे बैठो ना!" आई घरी आली, चप्पल न काढताच सोफ्यावर बसली. मग म्हणाली, "क्लचवर माझाच पाय चुकतो का रे?"

मला माहीत होतं. तिचा पाय चुकत नव्हता. गाडीचा दोष आहे गं — एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, "वय झालं ना आई आता."

तिनं आपल्या पायाकडे पाहिलं. मग किल्ली टीपॉयवर ठेवली.

गाडी मेकॅनिकनंच विकत घेतली. त्यानं इंजिन खोलून साफ केलं आणि फोन केला — "झकास पळतेय, काकूंना सांगा." नाही सांगितलं. आईला म्हणालो, भंगारात गेली.

मावशीकडे जायला ती मला विचारायची, तुला वेळ असला तर सोडशील? आधी दर आठवड्याला. मग कधीमधी. मग विचारेनाशी झाली. रिक्षानं जा म्हटलं तर रस्ता ओलांडायलाच घाबरायची. एकदा स्वतःच्या पायावरचा भरवसा उडाला की माणूस कुठे जाणार? गेल्या उन्हाळ्यात मावशी वारली. त्याआधी कित्येक महिने दोघी बहिणी फक्त फोनवर बोलत होत्या.

परवा शेजारची सून आली. नवीन लायसन्स मिळालंय तिला. "काकू, एक दिवस माझ्या बाजूला बसा ना, धीर येईल मला."

आई हसली. "नको गं बाई. माझ्या हातून कुणाचा तरी जीव जायचा. मला काय विचारतेस!"

मी तिथेच होतो, दारात, बुटाची नाडी बांधत. ती बांधली आणि नवी गाडी काढायला खाली गेलो.