सोल्युशन लावलेली गादी

आमच्या मोटारीची मागची गादी मी माझ्या हातानं चिकटवली, आणि तिच्यावर पहिली बसले तीही मीच. साल छत्तीस-सदतीस असेल. आमचे हे बारामती-इंदापूर सर्व्हिस मोटार चालवायचे. गादीचं कातडं सुटून वाऱ्यावर फडफडायचं, म्हणून यांनी मुंबईहून चिकटवायच्या नव्या सोल्युशनचा डबा आणला, आणि डब्यापेक्षा मोठ्या गप्पा!

"अगं, लोखंडाला कातडं धरतंय हे! उद्या मोटारीला खिळा न्हाय, बोल्ट न्हाय. निस्त्या सोल्युशनवर मोटारी बनतील!"

"मग चाकंबी चिकटवा की रस्त्याला, म्हंजे उलटायची भीती न्हाय!"

"चेष्टा पुरं. पातळ हात मार, वाळू दे, मगच कातडं दाब."

पातळ? पोळीवर तूप सोडताना माझा हात कधी आखडला नाही! बोटभर थर दिला, वर कातडं थापलं. वाळायला वेळ कुठला? लगेच इंदापूरला निघायचं होतं. माझी धाकटी बहीण यमी, तिच्या लग्नाची बोलणी. आई-वडील नव्हते, तेव्हा आम्हीच दोघं. मुलाचे वडील तात्या, त्यांची अट एकच: मुलीकडची माणसं वळणाची हवीत.

वैशाखातलं ऊन! सोल्युशन शिवणींतून वर आलं. (मला वाटलं, घाम आला!)

इंदापुरात घरापुढं थांबलो, तशी तात्या स्वतः मोटारीपाशी आले. पांढरंशुभ्र धोतर, डोईला रुमाल. मी पदर सारखा केला, उठले, आणि तशीच खाली बसले. लुगड्याचा कासोटा गादीनं धरलेला! जोर करावा तर कासोटा सुटतोय, आणि पुरुषांपुढं हे सांगायचं कसं?

"अगं उठ की, तात्या हायेत!" हे दात खाऊन म्हणाले.

मी बसल्या बसल्या हात जोडले.

तात्यांची बहीण दारातून कडाडली, "मोटारवाल्याची बायकू ती, कशाला उठंल! थोरली अशी, तर धाकटी चुलीपुढं खुर्ची मागंल!"

मोडलं यमीचं लग्न! माझ्या डोळ्यांना धार लागली.

तात्यांना दया आली. "रडू नका, बाई. मोटारीचा सोस मलाबी हाय," म्हणत ते आत चढले.

"बसू नका!" मी किंचाळले.

"बघा, बसूबी दिना!" तात्यांची बहीण.

तोवर ते बसले होते. माझं ओरडणं ऐकून रागानं उठले. धोतर उठलं नाही. पुन्हा बसले. हळूच माझ्याकडं बघितलं.

"तुमीबी?"

"व्हय, तात्या."

"मग मघाशी का न्हाय सांगितलं?"

"तुमी आता सांगाल का?"

तात्यांनी बाहेर बघितलं. निम्मं इंदापूर जमलेलं!

"न्हाय बा," ते म्हणाले, आणि मोठ्यानं ओरडले, "च्या हितंच आणा! मोटारीत लई बरं वाटतंय!"

चहा तिथंच झाला, बोलणी तिथंच झाली, सुपारीही तिथंच फुटली. मग घोंगड्यांचा आडोसा करून कात्रीनं आम्हाला सोडवलं. माझ्या लुगड्याला आणि तात्यांच्या धोतराला भाकरीएवढी भोकं! आणि हे गादी चाचपत खुशीत, "म्हटलं न्हवतं, तात्या? काय धरतंय!"

लग्नात तात्यांनी एकेका पाहुण्याला मानानं पाटावर बसवलं. माझ्यापाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी आपल्या उभ्याच ऱ्हावा!"

अख्खं वऱ्हाड हसत सुटलं, आणि मी नवरीची थोरली बहीण, पत्रावळ हातात घेऊन मांडवाच्या खांबाला टेकून जेवले. (खांबाला आधी बोट लावून बघितलं, मगच टेकले!)