सावित्रीबाईंचं उलटं गाऱ्हाणं

आमच्या आळीत ब्लाउज बिघडला तर दोष कापडाचा, आंबा नासला तर पेटीचा, आणि पोरगं नापास झालं तर पेपर तपासणाऱ्याचा. अशा या निर्दोष आळीत सावित्री घवाळी दिवसा ब्लाउज शिवत आणि संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवत. गळ्यात मापाची टेप आणि शिट्टी, दोन्ही कायम. एकदा चुकून त्यांनी गिऱ्हाइकापुढेच शिट्टी मारली, तर ती माउली उठून पळाली होती.

बाई मूळच्या संगमेश्वराकडच्या. गावच्या देवळात त्यांचे वडील गाऱ्हाणं घालायचे. देवापुढे उभं राहून ते खणखणीत आवाजात लोकांच्या अडचणी सांगायचे आणि मागचा गाव एका सुरात म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" बाईंनी तेच मैदानात आणलं, पण उलटं करून. सराव संपला की उंडीच्या झाडाखाली गोल बसायचं आणि एकेकीने उभं राहून स्वतःची चूक सांगायची. दुसरीचं नाव घ्यायचं नाही. बाकीच्यांनी फक्त "व्हय म्हाराजा" म्हणायचं, वर एक अक्षर नाही.

माझी ओटी मैदानाच्या दगडी गडग्याला लागून, त्यामुळे सुपारी कातरता कातरता सगळं ऐकू यायचं.

सुरुवातीला मोठी सुरेख पापं बाहेर पडली. "म्हाराजा, मी फार हळवी आहे." "म्हाराजा, मी अभ्यास जरा जास्तच करते."

बाई म्हणाल्या, "अगो, ही चूक हाय की स्थळाची माहिती?"

हळूहळू खरा माल येऊ लागला. "म्हाराजा, दमले की मी पाय मुरगळल्याचं नाटक करते." "व्हय म्हाराजा!" सगळ्या खिदळल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पाय मुरगळायचा थांबला.

दोन हजार एक साल. चिपळूणला जिल्ह्याचे सामने तोंडावर आलेले. पोफळी गावच्या वसाहतीतल्या मुली सरावाचा सामना खेळायला आल्या. आमची कप्तान शमिका, पंधरा वर्षांची, वाऱ्यासारखी धावणारी. ऐन वेळी तिने मधली रेषा ओलांडली, फाऊल झाला, हातातली गडीण निसटली आणि सामना गेला. शमिका मधल्या पाटीवर खो मिळायची वाट बघत बसलेल्या उर्वीवर ओरडली, "तुझा पाय मध्ये आला! तुझ्यामुळे हरलो!"

दुसऱ्या दिवशी उर्वी आली नाही. खो-खोला नऊ जणी लागतात आणि आमच्या मुली मोजून नऊ. उर्वी नाही तर चिपळूण नाही.

त्या संध्याकाळी शमिका गाऱ्हाण्याला उभी राहिली. "म्हाराजा, माझी चूक एवढीच की मी सगळ्यांना सांभाळून घेते."

कुणाचंच "व्हय म्हाराजा" आलं नाही. झाडावरून उंडीचं एक फळ टपकन पडलं, ते मला ओटीवर ऐकू आलं.

"म्हणा ना गं!" शमिका म्हणाली. पोरी गवत उपटत बसल्या. "बाई, सांगा ना यांना."

"ते सांगून नाय म्हणवत गो," बाई म्हणाल्या.

शमिकाने पिशवी उचलली आणि गडग्यावरून उडी मारून ती माझ्या अंगणातून तरातरा निघून गेली.

बाई तशाच उर्वीच्या घरी गेल्या. उर्वीने एकच विचारलं, "बाई, तुम्ही बघितलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी उर्वीला घेऊन त्या मैदानात आल्या आणि सरावाआधीच स्वतः उभ्या राहिल्या. "म्हाराजा, पाय मध्ये नव्हता हे मी बघितलं होतं. कप्तान रुसेल म्हणून शिट्टी तोंडात धरून गप ऱ्हायले."

"व्हय म्हाराजा!!"

"हळू गो! एवढी काय हौस?"

गडग्यापलीकडे शमिका उभी होती. सहज चालले होते, असं ती नंतर म्हणाली. सहज चालताना खेळाचा गणवेश मात्र घातला होता. ती आत आली.

"म्हाराजा, रेषा मीच ओलांडली. हरलं की मला दोष ढकलायला कुणीतरी लागतंच." मग ती अडली. "आणि उर..."

"नाव नको," बाई म्हणाल्या.

"जी कोण होती, तिचा पाय जागेवर होता."

सगळ्या उर्वीकडे बघू लागल्या. उर्वीने बराच वेळ पायाची लाल माती झटकली. मग बारीक आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा." त्यावर बाकीच्यांनी असा गजर केला की उंडीवरचे कावळे उडाले आणि माझी सुपारी अडकित्त्यातून निसटली.

चिपळूणला उपांत्य सामन्यात शमिकाची टाच पुन्हा रेषेपार गेली. पंचांना दिसली नव्हती. तिने आपणहून हात वर केला. पंच गोंधळून बघत असताना पाटीवरून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तो उर्वीचा होता.

सामना एका गुणाने गेला. आळीचं ठाम मत आहे की पंच आंधळे होते. मुलींना विचारलं तर त्या नुसत्या एकमेकींकडे बघून हसतात.