अक्कांच्या घोडीची फ्रेम

"मी उतरत नही, तू ये आठे."

अक्कांचं पहिलं वाक्य हेच असायचं. बँकेच्या साहेबाला, मतं मागायला आलेल्यांना आणि मलाही. चालू गाडीच्या हँडलवर दोन्ही हात ठेवून, पदर खोचून त्या बोलवायच्या आणि माणसं निमूट जवळ जायची. तुम्ही चोपड्याच्या बाजूला कधी फिरला असाल, तर केळीच्या मळ्यातून चार जाड टायरांच्या गाडीवर भरधाव जाणारी लुगड्यातली बाई तुम्हालाही दिसली असेल. त्याच आमच्या अक्का.

ती गाडी म्हणजे एटीव्ही. कुठल्याशा पर्यटनाच्या ठिकाणाहून त्यांच्या मुलाने जुनी आणली होती, मळ्यात फवारणीचं सामान वाहायला. अक्कांचे गुडघे तेव्हा पार गेले होते. एकदा त्या सहज तिच्यावर बसल्या, आणि मग मुलाला ती काही परत मिळाली नाही. पोळ्याला बैलांच्या रांगेत तिचीही पूजा व्हायची. हँडलला घुंगरं, टायरला गेरू, समोर पुरणपोळी. अक्का तिला घोडी म्हणायच्या.

माझं तिथे वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. एका सकाळी मुलाने ही घोडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली. शेजारी खुर्ची टाकून अक्का बसलेल्या. गाडी पाण्याच्या चारीत आपटली होती आणि पुढचं चाक फ्रेमला जिथे धरतं तिथला पाइप तडकला होता. त्या पाइपाला अक्कांनी चक्क केळीची पट्टी गुंडाळली होती. घडाच्या भाराने केळ आडवी होऊ नये म्हणून आपण जी बांधतो ना, तीच. तशी बांधून गाडी आणखी आठवडाभर पळवली होती.

"येवढा घडना भार धरस पट्टी," त्या म्हणाल्या, "मंग लोखंडले काय धाड भरनी?"

मला हसू आवरेना. मुलगा मात्र हसला नाही. "भाऊ, भंगारमा दी टाका," तो मला म्हणाला. "माय आते घर बसी."

"मना मळा मी नही देखसू ते कोन देखी?" अक्का मुलाकडे बोट दाखवत कडाडल्या. "हाऊ माले फोनमा फोटो दाखाडस. केळीना वास येस का त्यामा?"

केळीची कापणी तोंडावर आली होती आणि लावणीपासून सांभाळलेला तो बाग आपल्या डोळ्यांसमोर कापला जावा, एवढंच अक्कांना हवं होतं. मी नुसतं वेल्डिंग मारून दिलं असतं तर संध्याकाळी त्या गाडीवर असत्या. नवी फ्रेम करायची म्हणजे इंजिनासकट सगळं उतरवायचं, नवे पाइप वाकवायचे. कापणी हुकलीच समजा. पण मी पट्टी सोडली तर खाली दुसरी चीर निघाली, आणि पाइप आतून गंजलेला. शिवाय या बाईचा वेग मला ठाऊक होता. माझा जोड तुटून त्या पडल्या तर? खरं सांगतो, माझी तंतरली होती.

बोलून पटेना, म्हणून मी दोरी घेतली. फ्रेमच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून गाठी मारल्या. फ्रेम सरळ असती, तर उरलेल्या दोन कोपऱ्यांनाही ती तेवढीच ताठ बसली असती. तिथे लावली, तर ती मधे लोंबली. अक्का बोलता बोलता थांबल्या. केळीची लावणी त्यांनी जन्मभर अशीच दोरी धरून केली होती. एखादं खोड दोरीबाहेर गेलं तर मजुराला उपटून पुन्हा लावायला सांगत. खुर्चीतून वाकून त्यांनी ती ढिली दोरी बोटाने दाबून पाहिली.

"वाकडी शे," त्या म्हणाल्या. "नवी कर."

"अक्का, कापणी हुकेल तुमची."

"आयकू उनं माले. तू कर."

मग मला जो चेव चढला, तो आजवर कुठल्या कामाला चढला नसेल. ग्रिल, गेट, ट्रॉल्या, सगळं बाजूला सारलं. मूळच्यापेक्षा जाड पाइप घेतला, दोरी पुन्हा पुन्हा लावून पाहिली, जेवणाचा डबा तसाच राहायचा. दर थोड्या वेळाने फोन वाजायचा. "घोडी उभी ऱ्हायनी का?" मी म्हणायचो, "अक्का, तुम्ही फोन ठेवलात तर राहील."

ती उभी राहिली कापणीच्या दिवशीच, सकाळी. अक्का रिक्षा करून आधीच येऊन बसल्या होत्या. रंग अजून ओला होता. "लुगड्याला लागेल," मी म्हणालो, तोवर अक्कांनी किल्ली फिरवली होती. मी मोटरसायकलवर मागे. धुरळ्यातून त्यांचा उडणारा पदर तेवढा दिसत होता, आणि मी एकटाच वेड्यासारखा हसत होतो.

अक्का आता नाहीत. लोक त्यांच्या वेगाच्या गोष्टी सांगतात, भांडणांच्या सांगतात. मला मात्र त्या सकाळचा बांध दिसतो. ट्रक उभा होता, ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवत होता, मजूर विळे खाली ठेवून सावलीत बसले होते. एकही घड कापलेला नव्हता. पहिल्या ओळीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून मुलगा उभा होता. "थांबा जरासा," तो ड्रायव्हरला सांगत होता, "मनी माय येई ऱ्हायनी."

माझे डोळे भरून आले. अक्कांनी गाडी त्याच्यापाशी नेऊन थांबवली. मग सीटवर पुढे सरकून मागची जागा हाताने थापटली. दोन लेकरांचा बाप असलेला तो मिशीवाला गडी मुकाट्याने आईच्या मागे बसला, आणि घोडी केळीच्या ओळीत शिरली.