अध्यक्षांच्या आवाजाचं गणित

बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते. समोर साठ माणसं असली तरी ते सहाशे असल्यासारखे बोलायचे, आणि हातात माइक आला की आणखीच जोरात. पहिल्या रांगेतल्या बायका पदरानं कान झाकून घ्यायच्या.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. संक्रांतीच्या तोंडावर मंडळाच्या माइकचा डबा बिघडला. माइकचा बारीक आवाज थोडा वाढवून तो मोठ्या अॅम्प्लिफायरला द्यायचा, एवढंच त्या डब्याचं काम. माझ्या अप्पांनी सभेत हात वर केला, "आमची मुलगी करेल की! इलेक्ट्रॉनिक्स शिकते." मला हे घरी आल्यावर कळलं.

कॉलेजात त्याच महिन्यात ट्रान्झिस्टरचं स्मॉल सिग्नल मॉडेल चालू होतं. ट्रान्झिस्टरच्या जागी कागदावर दोन-तीन साधे भाग काढायचे आणि आवाज किती पट वाढेल ते गणितानं सांगायचं. सर दर वेळी बजावायचे, "सिग्नल लहान असेल तरच हे खरं."

माझ्या बाकावर एक कन्नड मैत्रीण बसायची. गणपतीत तिनं अध्यक्षांना एकदा ऐकलं होतं, आणि एकदा पुरेसं होतं. एके दिवशी तिची पेन्सिल मध्येच थांबली.

"आणि सिग्नल मोठा असला तर?"

"तर आवाज फाटतो."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. दोघींच्याही डोळ्यांसमोर अध्यक्ष उभे होते.

चिकपेटेच्या अलीकडच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीतून सामान आणलं. डबा अगदी पुस्तकातल्यासारखा केला, फक्त एक रेझिस्टर मुद्दाम वेगळा घातला. त्यामुळे ट्रान्झिस्टर अगदी काठावर बसला. हळू बोललं तर आवाज स्वच्छ, ओरडलं की कडेलोट. आईला माइकवर "तिळगूळ घ्या" म्हणायला लावलं. गोड आलं. मग मैत्रीण कन्नडमधून गरजली, आणि पत्र्याचा डबा रस्त्यावरून फरफटत नेल्यासारखा आवाज आला. आईनं विचारलं, "बिघडलं का गं?" मी म्हटलं, "नाही, झालं तयार."

कार्यक्रमाला आम्ही दोघी व्यासपीठाच्या बाजूला, डब्याशेजारी बसलो. अध्यक्ष उठले. "बंधू आणि भगिनींनो!" खर्रर्र. त्यांनी माइकवर टिचकी मारली. "बंधू आणि..." पुन्हा खर्रर्र. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज खाली आणला, आणि सभागृहात एक असा आवाज आला जो आमच्यापैकी कुणी कधी ऐकलाच नव्हता. मऊ, जरासा खर्जातला. शिक्षक म्हणून शाळेतल्या पहिल्या दिवशी आपल्या कन्नडला पोरं कशी हसली, ते त्यांनी सांगायला घेतलं. बायकांचे पदर खाली आले. आम्ही खूश.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. ते एरवी लवकर थांबायचे ते घसा बसायचा म्हणून, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आता घशाला काही त्रासच नव्हता. सव्वा तासानंतर मागे ठेवलेलं उपीट गार होऊन वड्या पडतील असं झालं. मराठी न कळणारी माझी मैत्रीण कानात म्हणाली, "आपण घसा गणितात धरलाच नाही."

टाळ्या थांबल्यावर अध्यक्ष सरळ आमच्याकडे आले.

"काय केलंस?"

"कुठे काय, मामा?"

"तीस वर्षं वर्गात काढलीत मी. पहिल्यांदा खरखरलं तेव्हा सगळे माइककडे बघत होते. तू हिच्याकडे बघितलंस."

मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "समजावून सांग." मी कागद काढून सूत्र लिहायला लागले. त्यांनी कागद बाजूला सारला. "सूत्र नको. मला कळेल असं सांग." मला येईना. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेल्या मला येईना.

"सरी, ठीक आहे. रविवारी घरी ये. येईल तोवर दर रविवारी."

दोन रविवार मी नुसती चकली खाऊन परत आले. तिसऱ्या रविवारी त्यांच्या अंगणात बसून म्हटलं, "ट्रान्झिस्टर मुळात वाकडा असतो, मामा. पण वळणाच्या रस्त्याचा वीतभर तुकडा घेतला तर तो सरळच वाटतो ना? तेवढ्यापुरतं त्याला सरळ मानायचं आणि हिशेब करायचा. वीत सोडून पुढे गेलं की वळण लागतं, मग हिशेब कोसळतो."

त्यांनी आपली वीत उघडून बघितली. मग म्हणाले, "आणि मी काही वितीत मावत नाही." आणि इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या अक्का कुंपणापाशी आल्या.

पुढच्या आठवड्यात मी योग्य रेझिस्टर घेऊन सभागृहात गेले. पहिल्या रांगेतल्या तिघीचौघी बायका मला दारातच भेटल्या, आणि भाषण लांबलं तरी चालेल, पण डब्याला हात लावू नकोस म्हणून त्यांनी सांगितलं.