खो मिळायच्या आधी

धुळ्याच्या त्या मैदानावर शेवटचं एक मिनिट उरलं होतं आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. मी नववीत होते. आमच्या साक्रीच्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ पहिल्यांदाच जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. मी चौकोनात उकिडवी बसले होते, पंजे जमिनीत रोवून. समोरच्या शाळेची धावणारी मुलगी माझ्या अगदी पुढ्यातून वळली. मागून मैत्रिणीचा "खो!" ऐकू आला, मी उसळले आणि त्या मुलीच्या पाठीवर माझी थाप बसली.

बाद! मी दोन्ही हात वर करून ओरडले. पण माझ्या ओरडण्यावर पंचांची शिट्टी चढली.

"फाऊल. बसलेली आधी उठली."

मी धावत पंचांकडे गेले. "सर, खो ऐकल्यावरच उठले मी!"

"ऐकलास, पण पाठीला हात लागला नव्हता. जागेवर जा."

"लागला होता!"

"बाळ, वेळ चालू आहे. जागेवर जा."

मी गेले नाही. "तुम्ही शहरातल्या पोरींच्याच बाजूचे!" असं मी बोलून गेले, तेही एवढ्या मोठ्याने की कडेला शेंगा खात उभी असलेली माणसंसुद्धा गप्प झाली. मी भांडत राहिले आणि लांब शिट्टी झाली. वेळ संपली होती. तो एक गुण मिळवायला जे थोडे क्षण होते ते मीच खाऊन टाकले होते.

परतीच्या एसटीत कोणी माझ्याशी बोललं नाही. आमच्या खेळाच्या सरांनी उतरताना एवढंच सांगितलं, "पंचाशी भांडणारी मुलगी मला संघात नको."

घरी मी दप्तर फेकलं आणि चुलीपाशी जाऊन रडायला बसले. माय भाकरी थापत होती. "कसाले रडस वं?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. वडील तहसील कचेरीत शिपाई होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. ते बाजेवर बसून ऐकत होते. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि नानांचा कागदावर फार विश्वास होता. जे लिहिलेलं आहे ते बघायचं, मग बोलायचं, हे त्यांचं रोजचं बोलणं.

"त्यासनी चूक शे ना?" ते म्हणाले. "मंग वाचीसन दाखाड."

वाचून दाखवायचं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी उमगलं. खो-खोचे नियम कुठेतरी छापलेले असणारच! मी सरांच्या खोलीबाहेर उभी राहिले. सरांनी माझ्याकडे न बघताच कपाटातून एक पातळ पुस्तिका काढून दिली. कोपरे दुमडलेले, मधली दोन पानं सुटलेली. पाच वर्षं मी खो-खो खेळत होते आणि असं पुस्तक असतं हे मला माहीत नव्हतं.

पंचांची चूक काढायची म्हणूनच मी ते उघडलं. खो म्हणजे पाठीला हात आणि तोंडाने शब्द, दोन्ही. दोन्ही मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही. मी तशीच मैत्रिणीच्या घरी गेले. तिला म्हटलं, खरं सांग, हात लागला होता?

ती कपडे वाळत घालत होती. हातातला ओला कपडा तिने दोरीवर टाकला. मग म्हणाली, "मी हात पुढे केला होता गं. पण तू उठलीस आणि माझा हात हवेतच राहिला."

पंच बरोबर होते. मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त काहीतरी वेगळंच वाटलं. एवढ्या पळापळीत, एवढ्या आरडाओरडीत, त्या माणसाला मैत्रिणीचा हात आणि माझी पाठ यांच्यामधली बोटभर फट दिसली होती! कशी दिसली असेल?

मी पुस्तक पुढे वाचत गेले आणि मला जणू नवाच खेळ सापडला. धावणारा गडी एक पाऊल रेषेबाहेर पडलं म्हणून बाद होत नाही, दुसरं आत टेकलेलं असेल तर तो खेळात असतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा एका खांबाची दिशा धरली की मागे फिरायचं नाही, आणि तो फिरला की नाही हे पाय बघून ठरवायचं नसतं, खांदे बघून ठरवायचं असतं. मी सारवलेल्या ओट्यावर खडूने मैदान आखायचे, भुईमुगाच्या आठ शेंगा चौकोनात बसवायचे, नववी हातात धरून पळवायचे. माय म्हणायची, "त्या शेंगा खावाना शेत, खेळाना नहीत." मी एक तोंडात टाकायचे आणि दुसरी घ्यायचे.

दहावीला सरांनी सांगितल्याप्रमाणे मला संघातून वगळलं. मुली सरावाला जायच्या, मी कडेला दगडावर बसायचे आणि मनातल्या मनात फाऊल मोजायचे. एकदा मोजता मोजता तोंडातून निघूनच गेलं, "सर, तिचा खांदा फिरला!"

सर वळले. मला वाटलं आता हाकलणार. पण ते त्या मुलीकडे गेले, तिला पुन्हा तसंच पळायला लावलं, आणि परत येऊन त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. "संघात नाही घेणार," ते म्हणाले. "पण उद्यापासून सरावाला पंच तू."

त्या दिवशी मी घरापर्यंत पळत गेले. दम लागेस्तोवर.

मॅट्रिक झाल्यावर धुळ्याला कॉलेजात गेले आणि तिथे कळलं की जळगावला पंच परीक्षा असते. लेखी, तोंडी आणि मैदानावरची. मी अर्ज भरला. नानांनी रजा काढली, आम्ही दोघं पहाटेच्या गाडीने निघालो. परीक्षेला चाळीसेक पुरुष आणि मी. लेखी पेपर हातात आला आणि मला हसूच फुटलं. एकेक प्रश्न ओट्यावर शेंगांनी सोडवलेला! मी पूर्ण पेपर अर्ध्या वेळात लिहून टाकला.

मैदानावर मात्र माझी फजिती झाली. फाऊल मला दिसत होते, पण शिट्टी फुर्र करून विझायची. खेळणारी मुलं थांबायचीच नाहीत. एकाने तर धावता धावता विचारलं, "ताई, वाजली का?" परीक्षक वयस्कर होते. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुझे निर्णय बघितले मी. सगळे बरोबर. पण मैदानाला ते कळतच नाहीत. पंचाला आवाज नसेल तर नियम पुस्तकातच राहतात. पुढच्या वर्षी ये."

नापास. लेखीत पहिली आणि तरी नापास! बस स्टँडवर नानांनी केळी घेतली, एक माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. चूक डोळ्यांची असती तर गोष्ट वेगळी. इथे मी फुंकरीत नापास झाले होते!

सुट्टीत साक्रीला आले की मी शिट्टी घेऊन नदीच्या पात्रात जायचे. धुणं धुणाऱ्या बायका दचकायच्या, म्हशी माना वर करायच्या. बायकांनी तक्रार केली, म्हणून मी बस स्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत जायला लागले. तिथे एक दिवस भलतंच झालं. कंडक्टरच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर धुळ्याची गाडी मागे येत होती. मी भिंतीच्या आड जोरात शिट्टी मारली आणि गाडी करकचून थांबली. आतल्या लोकांच्या टोपल्या पुढे गडगडल्या. कंडक्टर लालबुंद होऊन भिंतीमागे आला.

"कोणी वाजवली?"

माझ्या तोंडात अजून शिट्टी होती. ती काढली. मी पंच परीक्षेचं सगळं सांगून टाकलं. गाडी थांबली म्हणजे शिट्टी चांगलीच वाजली, हेही मी त्यांना सांगितलं. ते खो खो हसायला लागले.

"पोरी, तू गालांनी वाजवतेस. गालात किती हवा मावणार? हे बघ." त्यांनी आपली शिट्टी दातांत धरली, पोटावर हात ठेवला. "इथून. आणि जिभेने तोडायची. सोडून नाही द्यायची, तोडायची."

त्यांची शिट्टी अशी वाजली की फलाटावरची माणसं उठून उभी राहिली. मी पोटावर हात ठेवला आणि फुंकले. भिंतीवरचे पारवे एकदम उडाले! कंडक्टर म्हणाले, "आता माझ्या गाडीपासून लांब राहायचं," आणि डबल बेल देऊन निघून गेले.

दुसऱ्या वर्षी जळगावच्या मैदानावर मी पहिली शिट्टी मारली तेव्हा शेजारच्या मैदानावरचा कबड्डीचा सामनाही थांबला. परीक्षकांनी कानावर हात ठेवला आणि हसले. मी पास झाले. यावेळी केळी मी घेतली, सहा, आणि त्यातली चार मीच खाल्ली.

त्याच वर्षी भडगावला स्पर्धा होत्या. मुलींचे सामने संपले होते आणि मी निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात आयोजक धावत आले. पुरुषांच्या उपांत्य सामन्याचे एक पंच ज्या गाडीने येणार होते ती वाटेतच बंद पडली होती. "ताई, तुम्ही उभ्या राहाल?"

पुरुषांचा सामना, आणि पंच साडी नेसलेली विशीतली मुलगी. मैदानाभोवती गर्दी होती, तिच्यात हसू पसरत गेलं. मी पदर कमरेला खोचला. मला वाटत होतं, कधी एकदा नाणं उडतंय!

स्थानिक संघाचा कप्तान उंच, वाऱ्यासारखा पळणारा. पहिल्याच मिनिटाला त्याने पाठलागात खांदा फिरवला. मी शिट्टी तोडली. गर्दी "ओऽऽ" करून उठली. त्याने दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणि यावेळी त्याने गडी बादही केला होता. मी गडी परत आत पाठवला.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाई, मन्हा पाय कोठे फिरना?"

"पाय नाही, खांदा," मी म्हटलं. "वेळ चालू आहे. जागेवर जा."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पंच बदला!" मी हललेच नाही. माझे डोळे त्याच्या खांद्यावर होते, आणि जे दिसलं ते दिसलं होतं. तो दात खाऊन जागेवर गेला. त्यानंतर तो वळताना आधी खांद्याकडे बघायचा, मग पळायचा. सामना असा रंगला की शेवटच्या मिनिटात मला गर्दी दिसेना की ऐकू येईना. नऊ गडी, दोन खांब, आणि कुठल्याही क्षणी फुटेल अशी माझी शिट्टी! त्याचा संघ दोन गुणांनी हरला.

मी शिट्टी पुसत होते. कप्तान तीनचार जणांना घेऊन माझ्याकडे येताना दिसला. आयोजक घाईने मध्ये आले. त्याने त्यांना हाताने बाजूला केलं.

"अक्का," तो म्हणाला, "खांदाना नियम आम्हले कोणीच सांगं नही. अजून असा कितला नियम शेत?"

"पुष्कळ आहेत."

"सकायले बठ्ठा शिकाडशी का?"

सकाळी सगळे नियम शिकवायचे म्हणून मी माघारी जायची गाडी सोडली. आयोजकांच्या घरी त्यांच्या बायको-मुलींसोबत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मैदानावर गेले तर पूर्ण संघ हजर होता. आदल्या दिवशी जिंकलेल्या संघातलेही दोघं गुपचूप मागे येऊन बसले होते. मी चुन्याने नवी रेषा मारली, आठ जणांना चौकोनांत बसवलं आणि त्यातल्या कप्तानाच्या मागे जाऊन उभी राहिले.

"मी खो म्हणेन," मी सांगितलं, "पण हात लावणार नाही. बघू, कोण उठतं."

"खो!" मी ओरडले, आणि सगळेच्या सगळे उठले.

मैदानभर हशा पिकला. मग आम्ही पहिल्या नियमापासून सुरुवात केली.